तक्रारवही

लायल पिकरिंगच्या तक्रारवहीत
माझ्या कुत्र्याचं अख्खं आयुष्य आहे,
निळ्या शाईत, तारखेवार:
सकाळी सहा दहा. चार मिनिटं. टपालाच्या स्कूटरवर.
दुपारी दोन. सात मिनिटं. कशावरच नाही.
रात्री पावणेदहा. कुंपणाशी, बॅन्डिकूटवर.

वही भरली की तो ती काउन्सिलात नेणार होता.
तीन वर्षं आम्ही एकमेकांना पाहिलं
ते फक्त मंगळवारी, कचऱ्याचे डबे बाहेर ओढताना.

बेलिंजेनला वसंत येतो ऑक्टोबरात.
जॅकरांडा रस्ताभर सांडतो, लँटानाचं रान माजतं,
आणि ओल्या गवताच्या टोकाशी
तिळाएवढी एक जण
पुढचे पाय पसरून थांबते.
तिला घाई नसते.
बॅन्डिकूटच्या अंगावर ती पिढ्यान्‌पिढ्या जेवत आली,
त्याला काही होत नाही.

गोचिडीसारखा चिकटलाय, असं आपण माणसांना म्हणतो.
चिकटण्याचं काही नाही हो.
चिकटून ती आत जे सोडते, त्याचं आहे.

फ्रिजवर चुंबकाखाली गोळीचं पाकीट होतं.
तीन महिन्यांची गोळी, वर नऊ दिवस झालेले.
माझा गुडघा, बहिणीचे फोन, आठवडाभर पाऊस;
नऊ दिवसांनी काय होतंय.
रोज संध्याकाळी हात तर फिरवत होते,
कानांमागे, पट्ट्याखाली, पंजांच्या बेचक्यांत,
शेपटीखालीसुद्धा, लाज सोडून.
ओठाच्या आत कोण बघतं?

रात्री दहा पाच. फोन.
"मर्ल, पिकरिंग बोलतोय."
मी बाह्या सरसावल्या.
"तुझा कुत्रा चुकीचा भुंकतोय."
"म्हणजे?"
"रोज वर जाऊन तुटतो. आज खालीच फाटतोय,
ओली पिशवी फाटावी तसा. जा, बघ."

मी त्याच घरात होते. टीव्ही चालू होता.

विकेट मागच्या पायरीवर बसलेला.
ऊठ म्हटलं, तर पुढचं अंग उठलं.
मागचं आलंच नाही.
त्यानं वळून आपल्याच पायांकडे पाहिलं,
कुणी ओळखीचं नसावं तसं.
मी पाण्याचं भांडं पुढे केलं
आणि कुंपणावरून लायल ओरडला,
"पाणी नको! फुप्फुसात जाईल!"
त्याची एक कुत्री होती म्हणे, अठ्ठ्याऐंशी साली.
नाव त्यानं सांगितलं नाही.

त्याचीच गाडी. कॉफ्सपर्यंत घाट, अंधार,
माझ्या मांडीवर एक श्वास, मग बराच वेळ काही नाही,
मग एक.

डॉक्टर थुईनं टॉर्च दातांत धरला,
वरचा ओठ उलटला आणि तिथे ती होती,
राखाडी, टम्म, वाटाण्याएवढी, शांत.
"काढली म्हणजे संपलं नाही," ती म्हणाली,
"अजून दोन दिवस विष चालतच राहील."
मग शिरेतून थेंब थेंब औषध,
दुसऱ्या कुठल्या कुत्र्यांच्या रक्तातून निघालेलं,
आणि श्वासासाठी यंत्र.
लायल बाहेर बाकावर, टोपी गुडघ्यावर.
कॉफी घेतो का विचारलं, तर म्हणाला, चालेल,
आणि प्याला नाही.

नंतर एकदा वही त्यानं मला दाखवली.
दहा पाच. आवाज बरोबर नाही.
खाली अकरा तारखा, ओळीनं, पुढे कोरं.
बाराव्या दिवशी:
पाच चाळीस. एकदाच. खरखरीत.

आता रोज सहाला तो फाटकातून येतो.
टॉर्च तो धरतो, ओठ मी उचलते.
गोळीची तारीख माझ्या आधी त्याला पाठ.
बोलणं फारसं होत नाही.
वहीवर काउन्सिलचा पत्ता अजून तसाच आहे,
आणि तपासणी संपली रे संपली
की विकेट त्याच्यावरच भुंकतो.

लायल घड्याळ बघतो.